रोवण्यासारखं वाका

आमच्याकडच्या एक्स-रेवाल्या भाऊंचं नाव मी कधी विचारलं नाही. कुणीही आलं की ते आधी विचारतात, "काम कोन्तं करता?" मी सांगितलं, शेती; पावसाळ्यात बांधीत, म्हणजे भातखाचरात, वाकून धानाची रोपं लावायची, तोच रोवणा.

एमआरआयमध्ये माझ्या मणक्यातली गादी झिजलेली दिसली. मणके सरकत असतील तर ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले. ते बघायला वाकून एक्स-रे काढायचा होता, आणि मला वाकायचीच धास्ती. भाऊंनी स्वतः वाकून दाखवलं. "बांधीत धानाचा रोवणा करून राह्यल्या, असं समजा. भेता काऊन, बाई? श्वास धरा." मग ते काचेमागे गेले, पण बटण दाबेपर्यंत तिथंही वाकलेलेच होते.

मणके जागचे हलले नव्हते. ऑपरेशन टळलं, व्यायामावर भागलं.

यंदा रोवण्याला पहिल्यांदा वाकले आणि श्वास आपोआप धरला गेला. मनात भाऊ म्हणाले, "झालं, सोडा," तेव्हाच सुटला.