नापास झालेल्या अक्का

अक्का विद्यार्थ्याच्या कीबोर्डला कधीही हात लावत नसत. कुणी अडलं की त्या मागे येऊन उभ्या राहायच्या, दोन्ही हात पाठीशी बांधून, आणि विचारायच्या, "काय दिसतंय?" उत्तराची सुरुवात "मला वाटतं" अशी झाली की लगेच म्हणायच्या, "बिडु! वाटतं ते सोड. दिसतं ते सांग."

हुबळीच्या विद्यानगरात, एका औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, त्यांचा नेटवर्किंगचा क्लास होता. नव्वदचं दशक सरत आलं होतं. कॉम्प्युटर शिकवणारे पुष्कळ झाले होते, पण ते एकमेकांना जोडायचे कसे, हे शिकवणारं दुसरं कुणी निदान मला तरी माहीत नव्हतं. मी धारवाडहून रोज बसने जायची. माझे वडील, अप्पा, शाळेत गणित शिकवत. मी बी.एड. करावं ही त्यांची इच्छा. "हे तारांचं वेड एक वर्ष," ते म्हणाले होते, "मग मी सांगेन ते."

सुभाष रोडवरच्या एका कापड दुकानाचे दोन मजले जोडायचं काम क्लासकडे आलं, तेव्हा अक्कांनी मला शिडीवर चढवलं. दुकानाचे मालक अण्णा कळवळले. "अहो बाई, पोरीला कशाला वर? माझा गडी चढतो की!"

"चढेल हो अण्णा. पण तार कुठनं कुठं गेली ते हिला कळायला हवं, गड्याला नव्हे."

तार ओढून झाली, यंत्रं सुरू केली, आणि वरचं खालच्याशी बोलेना. गिऱ्हाइकं थांबलेली, अण्णा गल्ल्यावर बोटं वाजवतायत. अक्का माझ्या मागे उभ्या. "काय दिसतंय?"

"वरच्या मशीनमागचा दिवा लागत नाही."

"मग?"

मी वरचं टोक उजेडात धरून पाहिलं. आठ बारीक तारांतली हिरवी आत पोचलीच नव्हती. टोक कापलं, तारा पुन्हा रंगांच्या क्रमानं लावल्या, दाबून बसवल्या. दिवा लागला. खालून अण्णा ओरडले, "आलं की हो!" अक्का जिन्याकडे निघाल्या, आणि मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे काम आपलं आहे.

मोठ्या कंपनीत जायचं तर एक परीक्षा लागायची. ती बेंगळूरला, कॉम्प्युटरवरच होई आणि निकालही तिथंच कळे. अक्का पुस्तकांतून आणि जुन्या यंत्रांवर शिकलेल्या. त्यांनी ती दिलेली नव्हती. आम्हा विद्यार्थ्यांबरोबर त्याही बसल्या. मी पास झाले. अक्का नापास.

परतीच्या गाडीत आम्हाला कुठं बघावं कळेना. अक्का मात्र चुरमुरे खात आम्हाला परीक्षेतला एकेक प्रश्न विचारत होत्या. दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं : 'मी नापास झाले. राउटिंग कच्चं आहे. दुपारी वैजयंती शिकवेल.' वैजयंती म्हणजे मी, आणि राउटिंग म्हणजे माहितीनं एका नेटवर्कमधून दुसऱ्यात कुठल्या वाटेनं जायचं ते.

ही बातमी गावभर झाली. काही पालकांनी मुलं काढून घेतली. बाकं रिकामी दिसू लागली. अप्पा घरी म्हणाले, "जी बाई स्वतः नापास, तिच्याकडं काय शिकायचं? आता पुरे."

"मी त्यांच्याकडंच शिकून पास झाले, अप्पा," मी म्हटलं. त्यांच्यासमोर इतकं सरळ मी त्याआधी कधी बोलले नव्हते. त्यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

दुपारी अक्का पहिल्या बाकावर बसत. विद्यार्थिनी म्हणून त्या फार कठीण. प्रत्येक वाक्याला "का?" विचारायच्या, मला उत्तर आलं नाही की खूश व्हायच्या. "नोडोण, बघू या. आता दोघी शोधू." एकदा त्या अडल्या तेव्हा घाईनं मी त्यांच्या कीबोर्डवर हात टाकला. त्यांनी माझ्याकडे अशी नजर टाकली की माझे हात आपोआप पाठीमागे गेले.

पुढे मला बेंगळूरला नोकरी लागली. "जा, पण महिनाभर बघ आणि परत ये," असं म्हणून अप्पांनी परवानगी दिली; स्टेशनवर मात्र आले नाहीत. अक्का आल्या, माझ्याबरोबर थेट बेंगळूरपर्यंत, कारण तिथं त्यांची दुसऱ्यांदा परीक्षा होती. मी परीक्षा केंद्राबाहेर पायऱ्यांवर बॅग घेऊन बसले.

त्या बाहेर आल्या, थेट रस्त्यापलीकडच्या फोन बूथवर गेल्या आणि आमच्या घरचा नंबर फिरवला. "मास्तर, मी क्लासची अक्का बोलतेय. तुमच्या मुलीची पहिली विद्यार्थिनी आत्ता पास झाली."

अप्पांनी पलीकडून काय विचारलं ते मला अक्कांच्या उत्तरावरून कळलं. "मार्क? मास्तर, पहिल्या खेपेपेक्षा पुष्कळ!" त्या इतक्या मोठ्यानं हसल्या की बूथवाला वळून बघायला लागला. मग रिसीव्हर माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "माझी गाडी आहे. उद्या सकाळची बॅच," आणि झपाझप गर्दीत शिरल्या. मला नमस्कार करायलाही सवड दिली नाही.

मी रिसीव्हर कानाला लावला.

"वैजू," अप्पा म्हणाले, "ते महिन्याचं राहू दे. राहा तिथं."