दुधातला कोळसा

शिरोड्याच्या शेवंतीने आपली पोरं वाढवता वाढवता शेजारणींचीही अंगावर पाजली. त्यातला देवेश आता मिशीवाला बाप्या झाला, तरी भर मासळीबाजारात ती त्याला हटकते, "काय रे, माझा दूध पिऊन एवढोच वाढलस?"

अशा बाईला तिची भाची समीक्षा दुधाचं महत्त्व सांगायला आली. ती गोव्यात प्रयोगशाळेत काम करते. शेवंतीची सून विनीता बाळंतीण. तिने बाटलीभर दूध द्यायचं कबूल केलं होतं.

"मावशे, आईच्या दुधात जित्यो पेशी आसतत. थोड्यो मूळ पेशी. तेंच्यापासून हाडाच्यो, मज्जातंतूच्यो पेशी करूक येतत काय, ता आमी बघतव."

"मगे माझ्या गुडघ्याक लाव गो वायच!"

"औषध खंय झालाहा? शोध चालू आसा. पेशी जित्यो पोचाक होयो, नायतर वहिनीचो त्रास फुकट."

विनीताने दूध काढून बाटली सासूकडे दिली. शेवंतीला मात्र पक्कं ठाऊक होतं, अंगावरचं दूध असं उघडंबोडकं उंबऱ्याबाहेर गेलं की दिष्ट लागून आटतं, आणि नातू तर अजून मान धरत नव्हता. तिने चुलीतला विझलेला कोळसा आणि मिठाचे खडे बाटलीत टाकले, वर झाकण गच्च लावलं.

समीक्षाने बाटली उजेडात धरली. "ह्या काळा काय पोहता?"

"कोळसो. मीठपण घातलंय. आता कोणाची दिष्ट लागाची नाय."

"मावशे! मिठान मेल्यो गो सगळ्यो पेशी!"

"आणि दूध आटला तर माझो नातू काय तुझ्यो पेशी चघळतलो?"

आतून विनीता ओरडली, "आये, आता परत काढूचा?"

शेवटी तोड निघाली. बाटलीत नुसतं दूध, बाहेर शेवंतीला हवं ते. दुपार टळेपर्यंत रडक्या नातवाला खांद्यावर घेऊन शेवंती अंगणात फेऱ्या मारत राहिली. दुसरी बाटली निघाली, तेव्हा कोळसा, मीठ आणि मिरच्यांची पुरचुंडी समीक्षाने आणलेल्या बर्फाच्या पेटीच्या कडीला बांधली गेली. बर्फ घरातल्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, खोक्यातलाच घेतला.

तिन्हीसांजेला नातू प्यायला लागला. शेवंती समोर ठाण मांडून बसली. पोराच्या गालावरून दूध ओघळलं, तेव्हा कुठे ती उठली.

जेवणं उरकताना प्रयोगशाळेतून समीक्षाचा फोन आला. "मावशे, पेशी जित्यो आसत! पण सगळे विचारतत, सुंगटांचो वास खंयसून येता?"

"पुरचुंडी खंय आसा?"

"पेटीकच."

"सोडू नको हां," शेवंतीने बजावलं. "एवढी माणसा वाकान वाकान बघतत, पेशींकाय दिष्ट लागात."