माळाची तब्येत

आधीच सांगून ठेवते, मध्येच हसायचं नाही. हसायचंच असेल तर चहाचा कप खाली ठेवून हसा. कारण मी जे केलंय ना, ते शहाण्यासुरत्या बाईनं करायचं काम नव्हे. एका ठणठणीत म्हाताऱ्याला मी आजारी ठरवलं, नातीच्या हळदीला उपाशी बसवलं, आणि वर हातात हातोडा घेऊन त्याच्या मागे पळाले! आणि हे सगळं कशामुळे? एका उकारामुळे!

माझं काम तसं साधं. गुरं चरतात त्या गवताळ जमिनी तपासायच्या. तुम्ही आफ्रिकेच्या चित्रांत पाहिलं असेल, लांबच लांब गवत, मधूनच एखादं झाड आणि झाडाखाली सिंह. तसंच आपल्याकडेही असतं, फक्त सिंहाच्या जागी म्हैस. तर त्या जमिनीत कार्बन किती आहे ते मोजलं की जमीन धडधाकट आहे की खंगलीय ते कळतं. बास. एवढंच.

पण आमचे सर म्हणाले, "गावात जाऊन कार्बन-कार्बन करू नकोस. लोकांना कळेल असं बोल. सरळ सांग, माळाची तब्येत बघायला आलोय."

मला ते इतकं आवडलं! माळाची तब्येत! वा! मी ते दिवसभर घोळवत बसले.

आता मी राहते निजामपुऱ्यात. आमच्या खाली कापड विणायचे लूम, शेजारी लूम, समोर लूम. आमच्याकडे जन्मलेलं मूल पहिल्या दिवसापासून ओरडूनच बोलतं. तर संध्याकाळी गॅलरीत उभं राहून मी पांडूदादांना फोन लावला. पांडूदादा म्हणजे जो माळ तपासायचा, त्या गावचे. डोंगराच्या पायथ्याचा छोटासा पाडा आहे, तिथले. संध्याकाळपर्यंत राहनाळच्या गोडाऊनमध्ये ड्युटी. त्यामुळे त्यांच्याकडे मागे येणाऱ्या ट्रकांची पीं-पीं-पीं, आणि माझ्याकडे खटाक-खटाक-खटाक. फोनवर काय ऐकू येणार, डोंबल!

"हॅलो, पांडूदादा! उद्या मी माळाची तब्येत बघायला येतेय!"

"कोनाची?"

"माळाची हो! मा-ळा-ची!"

पलीकडे पीं-पीं-पीं. मग एकदम काळजीचा आवाज. "का, काय झाला? वरून त चांगला दिसतं!"

"वरून सगळेच चांगले दिसतात दादा. आतून पोखरलेले असतात! किती वर्षं नुसतं चरणं चाललंय, काही हिशेब आहे का?"

"ता मातर खरा हाय," पांडूदादा म्हणाले. "चरनं लय हाय."

बघा, माणूस किती समजूतदार! मला हुरूप आला. "जास्त चरलं ना, की आतला कार्बन संपतो. मग पाणी आत टिकत नाही."

"व्हय व्हय! पानी अजाबात टिकत न्हाय! रातचा सारखा उठतं!"

हे शेवटचं मला ऐकू आलं नाही, नंतर कळलं. एक लूम नेमका तेव्हाच सुरू झाला.

"मग आता काय कराचा, मॅडम?"

"आजपासून चरणं बंद! तोंड लावू द्यायचं नाही. कुंपण घाला, आत कोणाला सोडू नका. उद्या मी येऊन नमुना घेते. वरवर बघून काही कळत नाही, वीतभर आत जावं लागतं."

"आत?"

"हो, लोखंडी नळी असते माझ्याकडे. ती हातोड्यानं आत ठोकायची, फिरवायची आणि खेचून काढायची. पटकन होतं!"

पलीकडे पीं-पीं सुद्धा बंद. फोन कट. मला वाटलं, रेंज गेली.

मागे वळले तर खालच्या लूमवाले चाचा जिन्यात उभे. "बेटा, कौन बीमार है? बहुत सीरियस लगता है."

"कोई नहीं चाचा, मैदान है."

चाचांनी माझ्याकडे असं पाहिलं, की खरी तब्येत कोणाची तपासायला हवी ते त्यांना कळलं होतं. मला कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षानं पोचले. फाट्यावर पांडूदादा उभे. डोळे लाल, आवाज खोल गेलेला.

"या, डॉक्टर मॅडम."

डॉक्टर! माझी पीएचडी व्हायचीय अजून. पण लोक आपणहून मान देतायत, तर आपण कशाला आडवं यायचं? मी गप्प बसले. तिथेच फसले.

चालता चालता पांडूदादा म्हणाले, "रातीच चरनं बंद केला. लय चिडलंय."

मला वाटलं, गुरंवाले चिडलेत. म्हटलं, "चिडणारच हो. पण लगेच फरक दिसत नाही. दोन-तीन वर्षं कळ काढावी लागते."

"तीन वरसा?" पांडूदादा बांधावर मटकन बसलेच. "मॅडम, तीन वरसा कसा जगंल?"

"जगेल हो! उलट टवटवीत होईल. अंगभर हिरवं हिरवं उगवेल!"

त्यांचा चेहरा असा झाला, की मला वाटलं ऊन लागलं. मी त्यांना माझी पाण्याची बाटली दिली. शपथ सांगते, मला एका क्षणासाठीही शंका आली नाही!

अंगणात पोचलो तर मांडव. आंब्याची पानं, हळदीचा वास, चुलीवर मोठ्या पातेल्यात मटण रटरटतंय. आणि बायका रडतायत. मी म्हटलं, लग्नघर आहे, मुलगी सासरी जाणार, रडणारच. ओटीवर चारी बाजूंनी बांबूचं कुंपण, आणि आत एक म्हातारे गृहस्थ. भरदार मिशा, भरदार पोट, आणि मटणाच्या पातेल्याकडे लागलेली नजर. हे कुंपण इथे कशाला, असा विचार मनात आला खरा. पण माझं सगळं लक्ष कामात!

मी बॅगेतून नळी काढली. हातोडा काढला. खणखणीत आवाजात विचारलं, "चला! कुठे आहे माळ?"

पांडूदादांनी बोट केलं. "ह्यो काय."

बोट म्हाताऱ्याकडे होतं. पण मला काय दिसलं? म्हाताऱ्याच्या मागे, घराच्या पलीकडे पसरलेला भला मोठा उघडा माळ! सोनेरी गवत, मध्ये ऐनाची चार झाडं. म्हटलं, काय देखणा आहे! आणि तोंड भरून हसत, एका हातात नळी, दुसऱ्या हातात हातोडा, अशी सरळ तिकडे निघाले.

म्हाताऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. नळीकडे पाहिलं. हातोड्याकडे पाहिलं. आणि रात्रभर उपाशी असलेला तो माणूस बांबूचं कुंपण असा काही ओलांडून गेला, की हरणानं बघत राहावं!

"धरा त्याला!" कोणीतरी ओरडलं.

"आवं, पडाल!" त्यांची बायको, काकी, ओरडली.

सगळे धावले. सगळे धावतायत म्हटल्यावर मीही धावले. म्हातारे पुढे, मागे मी, माझ्या मागे हळदीचा अख्खा मांडव. "बाबा, थांबा! मी काही करणार नाही!" असं ओरडताना हातोडा खाली टाकावा, एवढी अक्कलही मला सुचली नाही.

माळाच्या मधोमध म्हातारे थांबले. धापा टाकत वळले. हातात एक दगड घेतला. "फुडं आलीस त बघ!"

"अहो बाबा, तुमचा काय संबंध? हे सगळं माळासाठी आहे!"

"मंग? माळू मीच हाय!"

माझ्या हातातला हातोडा तेव्हा कुठे खाली पडला.

माळू. माळा. माळूची. माळाची. फोनवरचं एकेक वाक्य माझ्या डोक्यात परत वाजायला लागलं. चरणं बंद. पाणी टिकत नाही. अंगभर हिरवं उगवेल. अरे देवा! मी पांडूदादांकडे पाहिलं, पांडूदादांनी माझ्याकडे पाहिलं. हे माळूकाका म्हणजे पांडूदादांचे सख्खे काका, नवरीचे आजोबा!

"मी... मी माळाची तब्येत म्हटलं होतं," मी पुटपुटले, आणि पायाखालच्या जमिनीकडे बोट केलं. "ह्या माळाची."

आधी काकीला हसू फुटलं. ती हसता हसता गवतातच बसली. मग बायका, मग नवरी, मग सगळाच पाडा. पांडूदादा तेवढे हसत नव्हते, कारण काकी हसता हसता त्यांच्या पाठीत धपाटे घालत होती. "रातभर उपाशी ठेवला रं माझ्या मानसाला!"

माळूकाका मात्र गंभीर. दगड टाकला, मिशी सारखी केली आणि म्हणाले, "मना आदी जेवाला वाढा. बाकीचा मंग."

मग काय विचारता! मला काकांच्या शेजारीच बसवलं. तांदळाच्या भाकरी, मटणाचा रस्सा. काकांच्या पानात भाकरी पडली की माझ्याही पानात पडायची, शिक्षा म्हणून. पोट भरल्यावर काका जरा निवळले.

"आता सांग पोरी, त्यो कारबन काय हाय?"

मी सांगितलं. गवताच्या मुळ्या, शेण, पालापाचोळा कुजून जमिनीत जे उरतं, त्यात तो असतो. तो असला की जमीन भुसभुशीत राहते, पावसाचं पाणी धरते, गवत पुन्हा उठतं. गुरं सतत एकाच जागी चरली की जमीन कडक होते, गवत परत उठत नाही. थोडी विश्रांती दिली की सावरते, पण सावकाश.

काकांनी माळाकडे हात केला. "गावात बोलनं चाललाय, ह्यो माळ मेला, गोडाऊनच्या गाड्या लावाला देऊन टाकू. मेलाय का जिता हाय, सांगशील?"

आता मात्र मला हसू आलं नाही. त्यांच्या गोठ्यातली गुरं दुसरीकडे जाणार कुठे? आजूबाजूला तर गोडाऊनच गोडाऊन. मी म्हटलं, "सांगते, काका. नीट तपासून सांगते."

ते पुढे सांगितलंही. माळ थकलाय, पण जिवंत आहे, असं निघालं. आता तिथे आळीपाळीनं एकेक तुकडा गुरांना बंद असतो, आणि गाड्या लावायचं बोलणं तूर्तास तरी मागे पडलंय. पण हे सगळं झालं मी दुसऱ्यांदा गेले तेव्हा! पहिल्या दिवशी काय झालं ते ऐका ना.

जेवणानंतर बायकांनी मला हळद लावली. मग नाचायला ओढलं. मी नाचले. काकांबरोबर नाचले! परतीच्या रिक्षात मी गाणं गुणगुणत होते, इतकी खूश.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात सर माझी वाटच बघत होते. नमुन्यासाठी टेबल पुसलेलं, चाळणी मांडलेली. माझ्या पिवळ्या गालांकडे त्यांनी जरा विचित्र नजरेनं पाहिलं, पण बोलले नाहीत. मी ऐटीत बॅग उघडली. आत पिशव्या होत्या. सगळ्या कोऱ्या करकरीत, घडीसुद्धा न मोडलेल्या.

"काय गं," सर म्हणाले, "माती आणलीस ना?"

मी पिशव्यांकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं. म्हटलं, आता खोटं कशाला बोला?

"नाही सर. आणली नाही. खाल्ली."