कॅबिनेटचा छज्जा

सुकापूरला आमच्या समोर राहणाऱ्या काकांनी बंगल्याला इतक्या गॅलऱ्या काढल्यात, की मूळ घर कुठवर होतं हे त्यांनाही सांगता येणार नाही. पन्नाशीत त्यांना गेमिंग कॉम्प्युटर स्वतः जोडायची हौस आली. प्रोसेसरला चालेल असा मदरबोर्ड मी निवडून दिला. हे सगळं ज्यात बसवायचं ते कॅबिनेट मात्र त्यांनी नुसते रंगीत लाइट बघून आधीच आणलं होतं.

"ग्राफिक्स कार्डाची लांबी मोजून घ्या," मी बजावलं. पनवेलच्या दुकानात त्यांनी टेप नाकारली आणि वीत लावली.

कार्ड कॅबिनेटपेक्षा बोटभर लांब निघालं.

"बदलून आणू या, काका."

"बदलाचा कशाला? आपला ग्रिलवाला हाय ना!"

ग्रिलवाल्याने कॅबिनेटचा पुढचा पत्रा कापला. बाहेर डोकावणाऱ्या कार्डावर काकांनी छोटासा छज्जाही बसवून घेतला. मी जीव मुठीत धरून बटण दाबलं, तर चक्क सुरू झालं!

मग ते माझा कॉम्प्युटर बघायला आले. त्यात प्रत्येक पार्ट अगदी मापात बसलेला. काकांनी काचेतून बराच वेळ आत पाहिलं आणि हळूच माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"एवढ्याशा जागेत कसा रं भागवतस तू?"