एका उमेवर पाच वाट्या

जपानातल्या किशूच्या डोंगरउतारावरच्या आमच्या गावात उमे हे जर्दाळूएवढं आंबट फळ पिकतं. मिठात मुरवून तीन दिवस, तीन रात्री चटयांवर वाळवलं की ते भाताच्या जोडीला वर्षभर उभं राहतं. पण गावातला माणूस चांगलं उमे खाईल तर शपथ! मोठं, मऊ, गुबगुबीत फळ मधात घोळवून शहरात जायचं. फाटलेलं, सुरकुतलेलं, मिठानं पांढरं पडलेलं गावाच्या पानात. इसोएबाईंनी एकाहत्तर वर्षं हेच फाटकं उमे खाल्लं आणि त्याच्यावर त्या कडीपाटासारख्या टणक राहिल्या.

त्यांचा मुलगा मित्सुरू ओसाकाला असे. आला की आधी आईचा तांदळाचा डबा उघडून बघायचा. त्या वर्षी वादळानं उडालेली कौलं बसवण्यात बाईंची सगळी पेन्शन गेली, आणि डब्यात हात घातला तर बोटं तळाला लागत होती.

"आई, बस झाला हट्ट. चल माझ्याबरोबर."

"तुझ्या सातव्या मजल्यावर? तिथं उमे वाळवू कुठं, लिफ्टमध्ये?"

"मग ठरवूच. नववर्षाच्या दिवशी डब्यात तांदूळ दिसला तर राहा. नाही तर गाठोडं बांध."

"ठरलं," बाई म्हणाल्या. बोलून तर गेल्या, पण त्या रात्री डबा तीनदा हलवून बघितला.

आता आमच्या देवळाच्या नोव्हेंबरातल्या जत्रेत एक खेळ असे. प्रत्येकाला एकच उमे, आणि समोर वाफाळत्या भाताच्या वाट्या. नियम साधा: उमेशिवाय कोरडा घास घ्यायचा नाही, पाणी प्यायचं नाही. उमे संपलं की उठायचं. शेवटी बसून राहील त्याला नव्या तांदळाचं तीस किलोचं पोतं. उमेच्या वखारीचे मालक तामाकी पंच, आणि पोतं दरवर्षी त्यांचा मेहुणा हिसाओ न्यायचा. हिसाओचं पोट बघितलं तर कुणीच वाद घालत नसे.

बाई सकाळपासून नुसत्या चहावर होत्या. खेळाच्या वेळी तामाकी उमेंचं ताट घेऊन आले, तशा त्या मान उंचावून बोलल्या, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं:

"तामाकीसाहेब, ते मधलं मोठं मला द्या हो! काय गुबगुबीत आहे! जन्मात असलं खाल्लं नाही."

"आजी, ते पहिल्या प्रतीचं आहे."

"म्हणून तर मागते! म्हातारीला एकदा द्या, पुढच्या वर्षी असेन-नसेन."

तामाकींनी मेहुण्याकडे पाहिलं. त्यांचं सगळं आयुष्य उमे आकारानं निवडून भाव लावण्यात गेलेलं. मोठं ते चांगलं, हे त्यांच्या हाडात बसलेलं. त्यांनी मोठं फळ हिसाओच्या ताटलीत ठेवलं आणि कडेचं एक वाळकं, फाटकं, मिठाची पुटं चढलेलं बाईंच्या पुढ्यात टाकलं.

"नशीबच फुटकं माझं," बाई म्हणाल्या आणि मान खाली घातली. मान खाली घातल्यावर त्यांचं तोंड मला दिसलं. मी शेजारीच बसलो होतो. सांगतो, तसं हसू मी फक्त मांजराच्या तोंडावर बघितलंय, तेही मासळीच्या टोपलीतून बाहेर येताना.

खेळ सुरू झाला. हिसाओनं पहिल्याच वाटीला अर्धं उमे लोटलं. मधातलं फळ ते, जिभेवर ठेवलं की विरघळलं. तिसऱ्या वाटीला त्याच्याकडे नुसतं साल उरलं. बाईंनी पहिली वाटी जेवायच्या काडीचं टोक उमेला टेकवून टेकवून संपवली. नुसत्या टेकवण्यानंसुद्धा डोळे मिटत होते, इतकं ते आंबट. दुसरी वाटी एका सुरकुतीवर. तिसरी आणि चौथी उरलेल्या गरावर.

मी तिसऱ्या वाटीलाच उठलो होतो. आता दोघंच. हिसाओनं चौथी वाटी कशीबशी रेटली, सवयीप्रमाणे आठळी थू करून ताटलीत टाकली, आणि पाचवीकडे बघत राहिला. खायला पोटात जागा होती, लावायला काही नव्हतं.

बाईंनी पाचवी वाटी ओढली. आठळी गालात.

"थांबा!" तामाकी ओरडले. "उमे संपलं! ती तर नुसती आठळी आहे!"

बाईंनी आठळी दुसऱ्या गालात सरकवली. "पुजारीबुवा, आठळीच्या पोटात कोण असतं हो?"

पुजारी खोकले. गावातलं शेंबडं पोरही सांगेल, उमेच्या आठळीत तेन्जिन देव झोपलेला असतो. म्हणून तर आमच्याकडे ती उकिरड्यावर टाकत नाहीत.

"तेन्जिन," पुजारी म्हणाले.

"मग तामाकीसाहेब, देव घरात असताना घर रिकामं कसं? तुमच्या मेहुण्यानं देवाला थुंकून टाकलं, त्याचं काय ते तुम्ही बघा. मी माझ्या देवाबरोबर जेवतेय."

मांडव असा हसला की हिसाओही हसू लागला, बिचारा. तामाकींनी पुजाऱ्यांकडे पाहिलं, पुजाऱ्यांनी आभाळाकडे. देवळाच्या अंगणात उभं राहून आठळीत देव नाही, असं म्हणायची छाती कुणाची? बाईंनी सावकाश पाचवी वाटी संपवली. शेवटी दाढेखाली आठळी फोडली, आतला गर खाल्ला आणि हात जोडले.

पोतं समोर आलं. मित्सुरू जत्रेसाठी म्हणून आला होता, खरं तर आईनं गाठोडं बांधायला घेतलं का ते बघायला. तो पोत्याकडे बघत उभा राहिला.

"आई, पाच वाट्या! पोट दुखेल."

"दुखू दे, माझं आहे. तू तेवढं पोतं घे."

आमच्या वस्तीला शंभर पायऱ्या. मित्सुरू तीस किलो पाठीवर घेऊन, ओसाकाचे चकचकीत बूट घालून, वाकून वाकून चढत होता. मागून इसोएबाई पोटावर हात ठेवून सांगत होत्या, "हळू रे! फाटेल ते. नववर्षापर्यंत पुरवायचंय मला. आणि त्याच्या पुढच्याही नववर्षापर्यंत."