कांडपात हॉटेल, हॉटेलात कांडप

मी फिरतो आणि दिसेल त्या कॅफेचे फोटो ब्लॉगवर टाकतो. एवढ्या पात्रतेवर कोल्हापूरच्या संकेतचा फोन आला. "अण्णांच्या गुडघ्यांपायी आमचं मिरची-कांडप वर्षभर बंद हाय. तिथं हॉटेल काढतोय, सजावट तू कर. रविवारी अण्णा जेवून बघणार. पटलं न्हाय तर जागा गोदामाला जाणार."

अण्णा म्हणजे त्याचे वडील. मी लगेच पुण्याहून रेल्वेत बसलो, जयसिंगपूरला वडा खायला उतरलो आणि गाडी गेली. तुम्ही थेट एसटीनं जा. वडा मात्र चांगला होता.

शेड बघून मी खूश. मिरचीनं लाल झालेल्या भिंती, लोखंडी मुसळांची रांग, बायका बसायच्या तो लांब बाक. काहीच रंगवायचं नाही, असं ठरवलं. यंत्राचा पट्टा भिंतीवर टांगला, डब्यांचे दिवे केले. 'येथे मिरची कुटून मिळेल' हा गंजलेला बोर्ड घासून, अक्षरं नव्यानं रंगवून शनिवारी बाहेर लावला. फोटो झकास आले.

रविवारी अण्णा कडक इस्त्रीचा सदरा घालून ताटावर बसले. "पावणं, भिंत रंगवायची राहिली की."

संकेतनं माझ्याकडं बघितलं. तेवढ्यात तीन बायका भाजलेल्या मिरच्यांचे डबे घेऊन आत आल्या.

"मावशी, हे हॉटेल हाय," संकेत म्हणाला.

"मग बोर्ड कशाला लावलाय? बावड्यासनं रिक्षा करून आलोय."

तिघी बाकावर बसल्या. कांडपाची रीतच तशी. आपली मिरची दुसरीच्या मिरचीत मिसळू नये म्हणून कुटून होईपर्यंत जागचं हलायचं नाही.

"यंत्र शोभेचं हाय," संकेत म्हणाला.

"शोभेचं?" अण्णांनी भाकरी खाली ठेवली, पट्टा भिंतीवरून उतरवून यंत्रावर चढवला आणि बटण दाबलं.

मुसळं धाडधाड सुरू झाली, पत्रा हादरला आणि वर साठलेली मिरचीपूड ताटांवर उतरली. पांढरा रस्सा तांबडा झाला. सगळे शिंकत सुटलो. संकेत डोकं धरून बसला. आता गोदामच, असं मलाही वाटलं.

मुसळांवरची नजर न काढता एक मावशी म्हणाली, "तवर जेवायला काय हाय?"

तिघी बाकावरच जेवल्या. एकीनं तो लाल झालेला रस्सा पुन्हा मागितला. अण्णा डोळे पुसत बघत राहिले. "गिऱ्हाईक बसलंय की. सकाळी कांडप, दुपारी हॉटेल. कुटायला माणूस ठेवू. आधी पत्रा झाडा."

आता घरी आलोय. बॅग उघडली की आई अजून शिंकते. माझ्या सजावटीतले दिवे गेले, भिंतींना पिवळा रंग बसला. बाक आणि बोर्ड टिकले, ते माझ्या आधीपासूनच तिथं होते. काल संकेतनं बोर्डचा फोटो पाठवला. माझ्या झकास अक्षरांखाली अण्णांनी वाकड्या हातानं लिहिलंय: जेवणही मिळेल.