खंडेनवमीची कार्बाइन

आमच्या गल्लीतले रंगनाथअप्पा परभणीच्या एसटी आगारात तीस वर्षं मेकॅनिक होते. पण वेड कसलं, तर घोडेस्वारांच्या जुन्या बंदुकांचं. कार्बाइन म्हणतात त्यांना. घोड्यावरून वापरायच्या, म्हणून आखूड. चाप निकामी केलेल्या, रीतसर सरकारी कागद असलेल्या तीन कार्बाइन त्यांच्या कपाटात होत्या. त्यांना पॉलिश करा म्हटलं की अप्पा भडकायचे. "घासली की मेली," म्हणायचे. लोखंडाचा काळपटपणा, लाकडावरचे ओरखडे जसेच्या तसे हवेत. तेलाचं बोट फिरवायचं, बस्स.

चौथी कार्बाइन पेडगावात होती, केवळाबाईंच्या घरी. मेंढरं राखणारं घर. तिचा आजेसासरा निजामाच्या रिसाल्यात स्वार होता, त्याची ही बंदूक. खांद्याच्या पट्ट्याला अडकवायची लोखंडी कडी घासून घासून लाकडात बोटाएवढी खळी पडली होती. दर खंडेनवमीला म्हातारी त्या खळीत हळदीकुंकू भरायची.

अप्पा चार वर्षं तिच्याकडे जात राहिले. दोनदा सोबत महारुद्रही होता, सेलूच्या जिनिंगमधला फिटर, अप्पांचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. अप्पांच्या घरी तो न विचारता स्वयंपाकघरात जाऊन भाकरी घ्यायचा. शेवटी एकदा म्हातारी म्हणाली, "माझं आता किती दिस ऱ्हायलेत? घेऊन जा. पन खंडेनवमीला पूजेला घेऊन येत जा."

अप्पांनी शब्द दिला. कागदपत्रं करण्यात महिना गेला. कागद घेऊन अप्पा पेडगावला गेले, तर खुंटी रिकामी.

"महारुद्रानं नेली की," केवळाबाई म्हणाली. "तुमीच धाडलंय म्हनला."

अप्पा "हो" म्हणाले. म्हातारीसमोर दोस्ताला चोर म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही. हा भिडस्तपणा त्यांना नडला, असं माझं आजही मत आहे.

तिथून ते थेट सेलूला गेले. महारुद्रानं ती एका पुढाऱ्याला भेट देऊनही टाकली होती. "अप्पा, लेकीच्या नोकरीचं काम व्हायलंय. तुमच्याजवळ तीन हायेत की," असं म्हणून त्यानं वर कौतुकानं मोबाइलवर फोटो दाखवला. बफ मारून नळी चकचकीत केलेली. लाकडाला पॉलिश. खळीत पुट्टीसारखी लांबी भरून ती बेमालूम बुजवलेली. मी असतो तर तिथंच त्याच्या कानाखाली दोन ओढल्या असत्या. अप्पा गुमान परत आले.

खंडेनवमीला मीच त्यांना मोटरसायकलवर पेडगावला नेलं. त्यांच्या मांडीवर गोणपाटात गुंडाळलेली स्वतःची सगळ्यात चांगली कार्बाइन होती. मोतीबिंदूनं म्हातारीला आता दिसत नाही, हे त्यांनी मला वाटेत सांगितलं. मला ते मुळीच आवडलं नाही, पण मी गाडी वळवली नाही.

केवळाबाईनं ताट तयार ठेवलं होतं. कुंकवात बोट बुडवून तिनं ते लाकडावर फिरवलं. पुन्हा फिरवलं. दुसऱ्या बाजूनं फिरवून पाहिलं. मग बोट पदराला पुसलं.

"ही आमची न्हाई, अप्पा."

मी खरं सांगायला तोंड उघडलं, तर अप्पांनी माझा हात धरला.

"महारुद्र काय, दोनदा आलेला मानूस," ती म्हणाली. "मी तर तुमचं तोंड बघून दिली व्हती."